टाळी वाजवून कान तपासता येत नाही

पहिल्या सत्रात माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला, 'लक्ष देत नाही.' तो अजून खुपतो.

श्रुतलेखनात ती 'साप'चं 'ताप' करायची, 'सण'चं 'तण'. मी फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की तिची पेन्सिल थांबायची. ऐकू येत नसेल का, असं वाटून एकदा तिच्यामागे उभं राहून टाळी वाजवली. ती लगेच वळली. झालं, माझी खात्री पटली!

दिवाळीनंतर तिची आई म्हणाली, "बाई, घरी टीव्हीपण फार मोठ्याने लावते हो." एका दुकानात त्या मशीनची किंमतही विचारून आल्या होत्या. तपासणी मात्र झालीच नव्हती. कानाच्या डॉक्टरांनी मळ, पडदा बघून ऑडिओलॉजिस्टकडे पाठवलं.

हे दोघं वेगळे, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर औषधं देतात, ऑपरेशन करतात. ऑडिओलॉजिस्ट ऐकणं मोजतात, मशीन निवडून त्या कानाप्रमाणे बसवतात, पुढे ऐकण्याचा सरावही घेतात. बारावीनंतर चार वर्षांची पदवी असते, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. आपल्या पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठात हे शिकवतात, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. पालकांनी तो नंबर खुशाल विचारावा.

आवाजबंद खोलीत हेडफोन लावून, बारीक आवाज आला की बटण दाबायचं, अशी तिची चाचणी झाली. (तान्ह्या बाळांची तर झोपेतही होते. मूल तीन महिन्यांचं व्हायच्या आत निदान व्हावं असं तज्ज्ञ सांगतात, आणि आपण आठ वर्षं थांबलो.) मॅडमनी आलेख दाखवला. खालचे सूर ठीक, वरच्या सुरांना रेघ घसरलेली. स, श हे त्या वरच्या सुरांतले. टाळीत सगळेच सूर, शिवाय ती जोरात. म्हणून ती वळली होती.

आता ती दुसऱ्या बाकावर, खिडकीपासून लांब बसते. मी बोलून झाल्यावर फळ्याकडे वळते, निदान तसा प्रयत्न करते. परवा श्रुतलेखनात 'ससा' बरोबर आला. 'शहाळं' चुकलं, पण ते अर्ध्या वर्गाचं चुकलं होतं.