माळ, बाळ, फाळ

आज बालवर्गात गोष्ट वाचताना ‘माळ’ म्हणून मुद्दाम थांबले. मागून ‘बाळ’, ‘डाळ’ आलेच! खडू मुलांच्या हाती दिले. एकीने पाटीवर बाळ काढलं, गळ्यात माळ, पुढ्यात डाळीची वाटी. मग एकेका चित्रावर बोट ठेवून म्हणताना ती ‘ळ’वर मजेत रेंगाळली. यमक आधी कानाला कळतं, अक्षर डोळ्यांना नंतर सापडतं. म्हणून कुणी मनाने रचलेला ‘खाळ’ही मी खोडला नाही, नाद अचूक जुळला होता. शेतकऱ्याच्या पोराने नांगराचा फाळ काढला, अगदी टोकासकट. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी कोसबाड गावात परिसरातल्या वस्तूंतून मुलांना शिकवलं. शब्दही असेच मुलांच्या अंगणातून यावेत. उद्या ‘पान’ घेईन.