कळसूबाईची शिडी

“या वयात डोंगर? आणि तोही सोबत घरचं कुणी नसताना?” अम्मीनं विचारलं.

मी चव्वेचाळीस वर्षांची, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारी. ‘महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर’ हे फळ्यावर कितीदा लिहिलं. पाहिलं मात्र नव्हतं.

आम्ही अकरा बायका पहाटे बारी गावातून निघालो. काहीजणी म्हणत होत्या, स्वतःला शोधायला आलोय. मला फक्त एक दिवस कुणाचा डबा न भरता चालायचं होतं.

लोखंडी शिडीवर माझे पाय लटपटले. खाली पाहिलं आणि कठडा धरून रडायलाच लागले. मागच्या बाईनं माझी टाच पायरीवर धरून ठेवली. “मॅडम, घाई नाही. मी आहे मागे.” मला वर्गातली अडखळत वाचणारी मुलं आठवली. त्यांना मी ‘चल, लवकर’ म्हणते.

माथ्यावर देवीचं छोटं मंदिर आहे. बाकीच्या दर्शनाला गेल्या. मी खडकावर ओढणी अंथरून चाश्तची नमाज पढले. मग सगळ्यांनी मिळून भाकरी खाल्ली.

घरी येऊन म्हणाले, “अम्मी, सफा-मरवा टेकड्याच ना? हजरत हाजरा तिथं पाण्यासाठी एकट्याच धावल्या. आज पुरुषही त्यांच्यासारख्याच सात फेऱ्या घालतात.”

अम्मी गप्पच. माझ्या पायांना तेल चोळत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “पुढच्या वेळी पायथ्यापर्यंत मलाही ने.”