देवघराची फरशी

गेल्या वर्षी आमच्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचा योग आला. समारंभ सभागृहात न करता काचीगुड्याच्या आपल्या घरीच करावा, असे सर्वानुमते ठरले. घर वडिलांनी बांधलेले. जमीन सगळी शहाबादी फरशीची. शहाबाद आज कर्नाटकात आहे. पण १९५६ पूर्वी ते आणि आम्ही एकाच हैदराबाद राज्यात नांदत होतो. त्यामुळे इकडच्या जुन्या मराठी घरांत ती राखी-निळसर फरशी हटकून आढळते. आमच्या देवघरातील मात्र फार झिजली होती, कडांचे टवके उडाले होते. तेथे नवी टाईल घालावी, असे आम्ही सुचविले. आई म्हणाली, "चकचकीत नको रे, पाय घसरेल." "देवघरात कोण धावणार आहे?" असे म्हणून आम्ही तिला गप्प केले आणि आरशासारखी चकाकणारी गडद तपकिरी टाईल पसंत करून आलो.

कामाला पालमूरकडचा एक तरुण मेस्त्री मिळाला. गवंड्याला आमच्या शहरात मेस्त्री म्हणतात आणि महबूबनगरला पालमूर. त्या कोरडवाहू मुलखातील माणसे परक्यांची घरे बांधण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या दूरदूर जात आली आहेत. ह्या मुलाचा हात फार सफाईचा होता. दोन दिवसांत त्याने टाईल बसविली आणि तिसऱ्या दिवशी सांधे भरावयास घेतले. सांध्यात भरण्याचा ग्राउट नावाचा लगदा टाईलवरही पसरतो. तो किंचित आळू लागला, की ओल्या स्पंजाने, पाणी पुन्हा पुन्हा बदलून, टाईल पुसून काढावी लागते. हे पुसणे म्हणजे त्या कामाचा उत्तरार्धच. नेमक्या त्याच वेळी आम्ही त्याला न्हाणीघराचा उंबरठा दाखविण्यास बोलाविले. तो म्हणाला, "साब, ये आज के आज धोना, कल तक पत्थर हो जाता." आम्ही म्हणालो, "उद्या बघू. आधी हे कर."

दुसऱ्या दिवशी सगळ्या फरशीवर पांढुरकी साय धरली होती. मेस्त्री ओशाळून म्हणाला, "परवा दवा आणून साफ करून देतो." समारंभ चार दिवसांवर आला होता आणि धीर हा गुण आम्ही आजवर विद्यार्थ्यांनाच शिकवीत आलो होतो! तो गेल्यावर आम्ही धोतर खोचले आणि तारेची घासणी, कपडे धुण्याची पूड व स्वयंपाकघरातील जुनी सुरी घेऊन देवघरात बैठक मारली. तासभर घाम गाळला. साय थोडी हलली. पण खाली करड्या-पांढऱ्या रेघांचे जाळे उमटले.

मेस्त्री आला तेव्हा त्याला ती फरशी दाखविली आणि "हे तुझे काम!" असे सुनावून मजुरीतून हजार रुपये कापले. त्याने एकदा फरशीकडे पाहिले, एकदा आमच्याकडे. "ठीक है साब," एवढेच बोलून तो निघून गेला. दवेची बाटली पिशवीतून बाहेर निघालीच नाही. समारंभात आम्ही त्या फरशीवर जाजम अंथरले.

पुढे आठ दिवसांनी आमच्या शाळेतील विज्ञानाच्या बाई आईला भेटावयास आल्या. देवघरात नमस्कार करून उठताना त्यांनी फरशीवरून बोट फिरविले आणि विचारले, "सर, थोडे व्हिनेगर आहे का?" व्हिनेगरात तितकेच पाणी घालून त्यांनी प्रथम एका कोपऱ्यात लावून पाहिले. त्यापूर्वी सांधे साध्या पाण्याने भिजवून घेतले, म्हणजे आम्ल त्यांत मुरत नाही. पाचेक मिनिटांनी नायलॉनच्या मऊ ब्रशाने हलके चोळले, दोनदा स्वच्छ पाण्याने धुतले, कोरड्या फडक्याने पुसले. ज्या सायीपुढे आमचे मनगट हरले होते, ती निमूटपणे निघून गेली. सिमेंटातील चुना हवेतील कर्बवायू शोषून चुनखडी होतो आणि चुनखडी आम्लात विरघळते. म्हणजे तेथे शक्तीचे काम नव्हतेच.

बाईंनी उंबऱ्यापाशी मात्र हात आवरता घेतला. शहाबादी आणि संगमरवर हे दोन्ही चुन्याचेच दगड. त्यांच्यावर व्हिनेगर पडले तर सायीबरोबर दगडही खातो. बाजारात मिळणारे जहाल ॲसिड घरात आणूच नये, असेही त्यांनी बजाविले. ते सांधे पोखरते, नळ काळवंडविते. ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि सांधे इपॉक्सीने भरलेले असतील तर आम्लाचा काही उपयोग नाही. तो डाग ओला असतानाच पुसावा लागतो.

राहिल्या रेघा. बाईंनी त्यांवर नख फिरविले. जेथे नख अडकले नाही, तेथे खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट मऊ फडक्याने फिरविताच रेघ नाहीशी झाली. ती रेघ नव्हेच. आमच्या सुरीचे पोलाद टाईलवर उतरले होते, पाटीवर पेन्सिल उतरावी तसे. जेथे नख अडकले, तेथे त्या म्हणाल्या, "हा मात्र ओरखडा. सायीत वाळूचे कण असतात. वाळू टाईलच्या झिलईपेक्षा कठीण. घासणीखाली ती सापडली आणि गोल गोल फिरली."

गोल गोल! आम्ही खाली वाकून पाहिले. ओरखडे खरोखरच अर्धवर्तुळाकार होते. बसल्या जागेवरून आमचा उजवा हात जेवढा पोहोचतो, तेवढेच. दाराआडून आई म्हणाली, "त्या दिवशी तू घासत होतास ना, मी बघत होते. सांगणार होते, पण तू रागात होतास."

झिलई म्हणजे मातीवर भट्टीत वितळून बसलेला काचेचा पातळ थर. अंगभर एकजीव असलेली पॉलिशची टाईल कारागिराला पुन्हा थोडीफार घासून चमकविता येते; झिलईला तो उपाय नाही. आमच्या शहरातील बादशाही आशुरखान्यात झिलईच्या तुकड्यांची कुतुबशाही नक्षी सतराव्या शतकाच्या आरंभापासून भिंतीवर आहे. तिचा निळा-पिवळा रंग अजून ताजा वाटतो. पण १९०८ सालच्या मुसीच्या महापुरात तिचा जो भाग गेला, त्या जागी रंगाने नक्षी काढून वेळ निभवावी लागली.

बाई गेल्यावर आम्ही बराच वेळ देवघरात बसून होतो. शाळेत दोन मुलांचे भांडण आले तर दोघांचे ऐकल्याविना आम्ही निकाल देत नाही, असा आमचा लौकिक! घरी मात्र वादी आम्ही, न्यायाधीश आम्ही आणि अपराधीही आम्हीच. शिक्षा तेवढी तिसऱ्याला. हजार रुपये म्हणजे त्या मुलाची एका दिवसाची मजुरी. ती आम्ही आमच्या रागापायी कापली होती.

त्याचा पत्ता नव्हता, फोन लागत नव्हता. सकाळी मजूर जेथे काम मिळण्याची वाट पाहत उभे राहतात, त्या अड्ड्यावर आम्ही तीन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी तो भेटला. आम्ही नोटा पुढे केल्या आणि झाले ते सांगितले. पन्नाशी उलटलेल्या मुख्याध्यापकाला रस्त्यावर, चारचौघांत "चूक माझी" म्हणताना जीभ किती जड होते, ते त्या दिवशी कळले. त्याने नोटा मोजून खिशात ठेवल्या. वर दिलेले दोनशे मात्र परत केले. मग हसून म्हणाला, "साब, जास्तीच्या चार टाईल माळ्यावर ठेवल्या होत्या मी. त्याच खेपेतल्या आहेत, रंग जुळेल. येऊन बदलून देतो."

तो रविवारी आला. ओरखड्यांच्या तीन टाईल त्याने बदलल्या, सांधे भरले आणि स्पंज हाती घेतला. त्या वेळी आम्ही त्याला हाकही मारली नाही. बादलीतील पाणी बदलून देत बसलो. आईच्या पाटाखालची चौथी टाईल आम्ही तशीच राहू दिली. आईने विचारले, "ही का नाही बदललीस?" आम्ही म्हणालो, "राहू दे, मला हवी आहे." तिने पुन्हा विचारले नाही.