नेमून दिलेले वैर

मैत्री टिकवायला कष्ट पडतात, हे सगळेच सांगतात. पण वैरही जोपासावे लागते, त्यालाही वेळच्या वेळी खतपाणी घालावे लागते, हे मला इटलीतल्या सिएना गावाने शिकविले. आपली भांडणे बिचारी पोरकी असतात. जिन्यात जन्मतात, कोर्टात म्हातारी होतात आणि वारस नसला की निमूट मरून जातात. सिएनाने मात्र आपल्या वैराला वर्षातले दोन दिवस नेमून दिले आहेत : २ जुलै आणि १६ ऑगस्ट. दोन्ही मेरीमातेच्या सन्मानार्थ. त्या संध्याकाळी गावातल्या शिंपल्याच्या आकाराच्या चौकात, फरशीवर पिवळी माती अंथरून, घोडे पळविले जातात. या शर्यतीचे नाव पालिओ.

गावात पेठा सतरा. त्यांच्या सीमा १७२९ साली व्हायोलांते नावाच्या बाव्हेरियन राजकन्येने आखून दिल्या. त्या आजही पाळल्या जातात. प्रत्येक पेठेचे निशाण वेगळे, चर्च वेगळे, कारंजे वेगळे. मूल जन्मले की या कारंज्यावर त्याला पेठेचा म्हणून आणखी एक बाप्तिस्मा मिळतो. पेठांची नावे ऐकली की हसू येते : हंस, बुरूज, लांडगीण, साळिंदर. गोगलगाय आणि कासव यांचे तर हाडवैर, आणि तेही शर्यतीच्या मैदानात!

एका वेळी धावतात दहाच पेठा. घोडा चिठ्ठ्या टाकून मिळतो, शर्यतीच्या तीन दिवस आधी. स्वार मात्र बाहेरचा, पैसे मोजून आणलेला. म्हणजे घोडा दैवाने दिलेला आणि स्वार पैशाने घेतलेला. आता जिच्या वाट्याला मंद घोडा आला त्या पेठेने काय करावे? ती स्वतः जिंकण्याचा नाद सोडते आणि शत्रू कसा हरेल याच्या उद्योगाला लागते. रात्री पेठांचे कप्तान एकमेकांना गाठतात. अमक्याला अडवलेस तर इतके, तमक्याला वाट दिलीस तर तितके, असे सौदे ठरतात. याला तिथे कोणी लबाडी म्हणत नाही. तोही शर्यतीचाच एक भाग, आणि कित्येकांच्या मते मुख्य भाग.

खरी गंमत सुरुवातीची. नऊ घोडे दोन दोरखंडांच्या मध्ये उभे राहतात. कोणी कुठे उभे राहायचे, हेही अगदी शेवटच्या क्षणी कळते. दहावा मागे थांबतो. त्याला वाटेल तेव्हा तो दौडत आत शिरतो आणि मग पुढचा दोर खाली पडतो. सारे गाव श्वास रोखून उभे, आणि हा पठ्ठ्या शांतपणे पाहतो आहे, शत्रूचा घोडा तोंड फिरवून वाकडा कधी उभा राहील! दोरांमध्ये स्वार एकमेकांच्या कानाला लागतात. सौदा अजून चाललेलाच असतो. कधी कधी यात तासही निघून जातो. शर्यत मात्र तीन फेऱ्यांत, दीड मिनिटाच्या आत आटोपते. खोगीर नाही. हातातला आसूड शेजारच्या स्वारावर चालवायलाही मुभा. स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला, तरी पेठ जिंकली.

२००५ सालच्या ऑगस्टात मी तिथे एका म्हाताऱ्या जोडप्याकडे उतरलो होतो. बाई हंसाची, नवरा बुरुजाचा. या दोन पेठांत विस्तव जात नाही. शर्यतीचे चार दिवस बाई आपल्या पेठेत बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. बुरूज १९६१ नंतर एकदाही जिंकला नव्हता, आणि त्या संध्याकाळी तो जिंकला. चव्वेचाळीस वर्षे! माझ्या शेजारी उभे असलेले घरमालक मटकन मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. हुंदक्यांतून ते कुणाला तरी पुन्हा पुन्हा हाक मारीत होते. पुष्कळ वेळाने माझ्या ध्यानात आले, ते आपल्या गेलेल्या वडिलांना बोलावीत होते.

मी घरी आलो तो बाई स्वयंपाकघरात इस्त्री करीत होत्या. नवऱ्याचा पांढरा सदरा.

“मळक्या कपड्यांनी मिरवला तर लोक मला नावं ठेवतील,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “पण सांगून ठेवते, रविवारपर्यंत मी त्यांच्याशी बोलणार नाही.”

मला वाटते, सिएनाचे सारे शहाणपण त्या इस्त्रीत होते. वैराला जागा दिली, तारीख दिली, निशाण दिले, की ते सदऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पण हे म्हणताना माझे मन पूर्ण निर्धास्त नाही. सान मार्तीनोच्या उतरत्या वळणावर भिंतीला गाद्या बांधाव्या लागतात, कारण तिथे घोडे आदळतात. काही कायमचे जायबंदी होतात, काही मरतात. अस्सल शुद्ध रक्ताचे नाजूक घोडे आता धावत नाहीत, मिश्र जातीचेच घेतात. तरीही धोका आहेच. माणसांच्या वैराला बांध घालण्याची किंमत एका मुक्या जनावराने का द्यावी, याचे उत्तर मला त्या चौकात मिळाले नाही.

आणि गाव त्याच्यावर प्रेम करते, हेही खोटे नाही. शर्यतीआधी घोड्याला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात. तिथे त्याने लीद टाकली तर तो शुभशकुन! स्वार विकत घेता येतो, कप्तानाला वळविता येते. घोड्याला मात्र कुणाचा कान, कुणाची थैली कळत नाही. म्हणून सारे गाव त्याच्यापुढे नमते. शरद ऋतूत जिंकलेल्या पेठेची मेजवानी होते. रस्ताभर टेबले, हजारो माणसे, गाणी, दारू, आणि ठरलेल्या सौद्यांपायी डोक्यावर झालेले देणे. मानाच्या जागी घोडा उभा असतो. त्याच्या पुढ्यात दाणे असतात. तो ते खातो. आपण कुणासाठी धावलो आणि कुणाचे नाक कापले, हे त्या साऱ्या पंगतीत त्याला एकट्यालाच ठाऊक नसते.