नामांकित सायकल आणि गंगाखेडचा रस्ता

सायकलीसाठी दीड-दोन लाख मोजणारा गृहस्थ शहाणा की खुळा, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी निघाला आणि आम्ही खुळ्यांच्या पंक्तीस जाऊन बसलो. निवृत्तीचे पैसे हाती आलेले, डॉक्टरांनी रोज घाम गाळण्याची आज्ञा केलेली. घरात नवी फरशी बसवावी, असे सौ.च्या मनात होते. ती राहिली आणि विख्यात परदेशी नावाची कार्बनची सायकल दारी आली. शेजारच्या मास्तरांनी पोलादी चौकटीची, गिअरची सायकल तिच्या पंचमांश किमतीत घेतली होती.

वजनाचे गणित आम्ही मागाहून केले. मास्तरांची सायकल अकरा किलो, आमची आठ. पण स्वार पंचाहत्तर किलोंचा! एकूण भारात शेकडा चारांचाही फरक नाही. घाटात तो जाणवेल. परभणी-गंगाखेडच्या सपाट काळ्या रानात खरा शत्रू वारा, आणि तो मुख्यतः स्वाराच्या देहावर आदळतो. शिवाय तैवानातील जायंट व मेरिडा हे कारखाने इतरांच्या नावांच्या सायकलीही घडवीत आले आहेत, हे कळल्यावर त्या नावाचा दरारा आमच्या मनातून बराच उतरला.

उरलासुरला गेल्या श्रावणात उतरला. पोखर्णीच्या अलीकडे चिखलात आम्ही आडवे झालो आणि मागचा गिअर ज्या पट्टीला टांगलेला असतो ती तुटली. ही पट्टी चौकटीगणिक निराळी. नवी येण्यास एकोणीस दिवस लागले. मास्तरांची पट्टी एकदा अशीच वाकली होती. ती रस्त्याकडेच्या कारागिराने पान्याने सरळ केली व वर चहा पाजला.

चिरंजीव म्हणतात, नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, ती काय मास्तरांच्या सायकलीवर? त्यांचे म्हणणे रास्त आहे. जेथे मिनिटे मोजली जातात तेथे हलकेपणास मोल आहे. आम्हांस मात्र कोणीच मोजीत नाही. अंगाच्या मापाची चौकट, काट्यांस दाद न देणारे टायर आणि खात्रीचा ब्रेक एवढ्यावर खर्च केला असता तर फरशीही झाली असती.

तरीही पहाटे ज्वारीच्या रानांमधून ती निःशब्द धावू लागली म्हणजे हे सारे गणित आम्ही विसरतो, हे कबूल केले पाहिजे. “विकून टाकायची का?” असे सौ.ने परवा विचारले. आम्ही चाकात हवा भरीत होतो. ऐकू आले नाही असे दाखविले.