झालास की झालीस?

'बेपत्ता झाला' हे शब्द मराठीत सहज लिहून होतात. अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीतल्या (१९७६–८३) साक्षी मराठीत आणायला बसलेला अनुवादक मात्र नेमका तिथेच अडतो. या वाक्यात माणूस जणू आपल्या पायांनी निघून गेलेला असतो. रात्री दार ठोठावणारे हत्यारबंद लोक, नंबरप्लेट नसलेली फोर्ड फाल्कन यांचा त्यात मागमूस नसतो. अनुवादक 'झाला' खोडून 'केला' लिहितो. लगेच पुढचा प्रश्न येतो : कोणी?

लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८४ मध्ये 'नुंका मास' हा अहवाल दिला. त्यात ८,९६० बेपत्ता माणसांची नोंद आहे. छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती, म्हणून त्यांच्या साक्षी पायांनी आणि कानांनी दिलेल्या आहेत. किती पायऱ्या उतरलो, कुठले आवाज यायचे, यावरून त्यांनी जागा ओळखल्या. अशा मजकुरात अनुवादकाने 'भीषण', 'अंधारी' अशी आपली विशेषणं घुसडली की साक्ष बिघडते. साक्षीदाराने जे पाहिलं नाही, ते त्याच्या तोंडी घालायचं नाही.

खरी कसोटी लागते ती कवी हुआन हेल्मान यांच्यापाशी.

ऑगस्ट १९७६ मध्ये त्यांचा वीस वर्षांचा मुलगा मार्सेलो आणि गरोदर सून मारिया क्लाउदिया यांना उचलून नेलं. मुलाचे अवशेष सिमेंट-वाळू भरलेल्या पिंपात सापडले, १९९० मध्ये त्यांची ओळख पटली. १९९५ मध्ये हेल्मान यांनी न पाहिलेल्या नातवंडाला खुलं पत्र लिहिलं. नातू की नात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. स्पॅनिश क्रियापद लिंग सांगत नाही, मराठी क्रियापद मात्र ते विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. मोठा झालास की मोठी झालीस? एक लिहिलं तर आजोबांना नसलेली माहिती त्यांच्या माथी मारली जाते. दोन्ही लिहिली तर पत्राचा सरकारी अर्ज होतो. बऱ्याच खाडाखोडीनंतर अनुवादक लिहितो, 'तुला कोणीतरी मोठं केलं.' व्याकरणाची अडचण सुटते, आणि 'झाला'च्या जागी पुन्हा 'केलं' येतं. बाळ खरोखरच परक्या घरी दिलं गेलं होतं.

२००० साली उरुग्वेतल्या मोंतेविदेओत मकारेना सापडली. नात होती. तिच्यापुरतं क्रियापद ठरलं.

मारिया क्लाउदियाचं वाक्य अजून कच्च्या वहीतच आहे. 'आहे' लिहवत नाही, 'होती' लिहायला हात धजत नाही. २०१४ मध्ये हेल्मान वारले, तेव्हाही तिचे अवशेष सापडले नव्हते.