वीतभर हवा

आगीच्या आत अंधार असतो, हे मला पहिल्याच वर्दीला कळलं. मुंबई अग्निशमन दलाच्या जवानांवर माहितीपट करायचा म्हणून मी एका केंद्रावर मुक्काम ठोकला होता. डोक्यात चित्र होतं ते सिनेमातलं : नारिंगी ज्वाळा आणि त्यांच्यापुढे काळ्या आकृती. प्रत्यक्षात गोदामाच्या दारातून चार पावलं आत गेलो आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. कॅमेऱ्यावरचा दिवा लावला तर समोर पांढरी भिंतच उभी राहिली. प्रकाश धुरावर आपटून माझ्याच तोंडावर परत येत होता. ऑटोफोकस नुसता भिरभिरत राहिला. त्या रात्रीच्या चित्रीकरणात वापरण्याजोगी एक फ्रेमही सापडली नाही.

आत जाण्याची परवानगी सहज मिळाली नव्हती. त्याआधी कित्येक दिवस पाठीवर बीए सेट, म्हणजे हवेच्या सिलिंडरचं श्वसनयंत्र, चढवून, मास्कवर काळं फडकं बांधून मला जिन्यांवरून रांगायला लावलं होतं. सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाची हवा असते. कागदावर ती साधारण अर्धा तास पुरते. पण घाबरलेला माणूस ती कितीतरी लवकर संपवतो, आणि पहिले काही दिवस मी घाबरलेलाच होतो. दाब ५० बारच्या आसपास आला की शिट्टी वाजू लागते, पण तिची वाट बघत बसायचं नसतं. परतीच्या वाटेपुरती हवा आधीच राखून ठेवायची असते.

शिकवणारे लीडिंग फायरमन निवृत्तीला आलेले होते. सगळं केंद्र त्यांना मामा म्हणे. त्यांनी माझा डावा हात होजवर ठेवला आणि म्हणाले, "कॅमेरा एका हातात मावत असेल तर आण. हा हात होजचा. दोन होजच्या सांध्याला लग, म्हणजे बाहेर आलेले खुंट, असतात. ते कुठल्या बाजूला आहेत हे चाचपलं की बाहेरची दिशा कळते. आत रस्ता डोळ्यांना नाही, बोटांना सापडतो."

मग त्यांनी मला दाराशी लावलेली पाटी दाखवली. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वेळ आणि सिलिंडरचा दाब तिच्यावर लिहिलेला असतो. "उद्या यावर तुझंही नाव येईल," मामा म्हणाले. "म्हणजे आम्हाला बाहेर काढायचा एक माणूस वाढला. तेवढं लक्षात ठेव." मी चित्र काढायला जाणार होतो आणि त्याची किंमत त्यांच्या हिशेबात धरली जात होती. पुढे प्रत्येक वेळी आत शिरताना मला आधी ती पाटी आठवायची.

दलाचे हे हिशेब काही आजचे नव्हते. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. जहाजात कापूस होता आणि दारूगोळाही होता. विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटांत गेले. देशभर अग्निशमन सेवा दिन त्याच तारखेला पाळतात. मे २०१५मध्ये काळबादेवीची गोकुळ निवास ही इमारत जळता जळता कोसळली. त्या दुर्घटनेत दलाने चार अधिकारी गमावले. त्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. केंद्रावर या आठवणी निघाल्या की कोणी आवाज चढवत नसे. चहाचा ग्लास खाली ठेवला जाई, इतकंच.

हळूहळू मला आत बघता येऊ लागलं. गरम धूर छताकडे जातो आणि खाली, फरशीलगत, वीतभर हवा त्यातल्या त्यात थंड आणि स्वच्छ राहते. जवान म्हणूनच रांगतात. मी कॅमेरा फरशीवर टेकवला आणि तिथे मला माझा चित्रपट दिसला : गमबूट, गुडघे, ओढली जाणारी होज, दार उघडण्याआधी त्याला लावलेली हाताची पालथी बाजू. ब्रँच, म्हणजे होजच्या तोंडाची नळी, धरणारा जवान पाणी बेताबेताने सोडतो, हेही खालूनच समजलं. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १,७०० पट पसरतं. बंद खोलीत बेसुमार मारा केला तर तीच वाफ माणसांना भाजून काढते. वाफ आली की माझी लेन्स आंधळी व्हायची. मग उरायचे ते आवाज. लाकूड तडकण्याचा, भिंतीवर कुऱ्हाडीची मूठ ठोकण्याचा, आणि सगळ्यांत जवळचा मास्कमधल्या श्वासाचा.

जी रात्र विसरता येत नाही ती दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या इमारतीतली. लाकडी तुळया, लाकडी जिना, दुसऱ्या मजल्यावर आग आणि तिसऱ्यावर अडकलेल्या एक आजी. तळमजल्यापासून जिना धुराने भरला होता. मामा आणि दुसरा एक जवान आजींना चादरीत घेऊन खाली येऊ लागले. मी कॅमेरा वर रोखला. मास्कमधून मामांचा घोगरा आवाज आला, "तोंडावर नको. पायऱ्यांवर दिवा मार."

मी कॅमेरा खाली वळवला, कडेला धरला आणि उलटा, एकेक पायरी चाचपत उतरू लागलो. त्या जिन्यावर तेव्हा माझ्या दिव्याचंच काम होतं. आजी वाचल्या. माझ्याकडे चार मिनिटं उरली : झिजलेल्या लाकडी पायऱ्या, त्यांच्यावर सावकाश टेकणारे बूट, आणि श्वास.

संकलनाच्या वेळी एका वाहिनीच्या माणसाने विचारलं, "यात आग कुठंय?" मला तेव्हा माहितीपटकार ज्यूल नोदे आठवला. ११ सप्टेंबर २००१ला तो न्यूयॉर्कच्या अग्निशमन जवानांबरोबर वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर शिरला. आत जाताच त्याला जळणारी माणसं दिसली, पण त्याने कॅमेरा तिकडे वळवला नाही. ते कोणी बघू नये, असं त्याला वाटलं. आगीत कॅमेरा नेणाऱ्याला काय टिपायचं याच्याइतकंच काय टिपायचं नाही, हेही तिथल्या तिथे ठरवावं लागतं. माझ्या वेळी ते मामांनी ठरवलं, आणि बरोबर ठरवलं. ती चार मिनिटं मी न कापता ठेवली.

चित्रपट पहिल्यांदा केंद्रातच दाखवला. भिंतीवर पांढरी चादर लावली होती. जिन्याचा प्रसंग आला तेव्हा पडद्यावर एकही चेहरा नव्हता, तरी मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "हे मामा." श्वासावरून ओळखलं होतं. मग दुसराही ओळखला.

दिवे लागल्यावर मामा माझ्याजवळ आले. "हे मोबाईलवर देता येईल का?" त्यांनी विचारलं. "बायको तीस वर्षं विचारतेय, आत काय असतं म्हणून. मला कधी सांगता आलं नाही."